तीन थरांचं जॅकेट

मला जॅकेट नको होतं. मला नोकरीवर परत जायचं होतं. जॅकेट ही त्यातली अट होती, आणि अट माझ्या सासूबाईंची होती.

झालं असं, की ठाण्याला खोपटजवळच्या ज्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे, तिथून आमच्या मॅडमचा फोन आला. "मृणाल, दिवाळीनंतरच्या दुसऱ्या सोमवारी सकाळी साडेसातला हजर राहा. नाहीतर तुझं टेबल मी करिश्माला देऊन टाकते. मुलगी चांगली आहे गं, फक्त लेबलं अदलाबदल करते." लेबलं अदलाबदल करणाऱ्या मुलीला चांगली म्हणण्याची वेळ मॅडमवर आली, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. मी तिथल्या तिथे येते म्हणून सांगितलं. घरात विचारायचं नंतर सुचलं.

माझा नवरा संदेश ऐरोलीला कंपनीच्या एसी बसने जातो. त्याची मोटरसायकल कोपरला आमच्या बिल्डिंगखाली कव्हर पांघरून वर्षभर उभी असते. मी चिपळूणची. लग्नाआधी भावाची गाडी घाटात चालवायचे, गिअरचं लायसन्स माझ्याकडे आहे. मोठागावच्या नव्या पुलावरून ठाणं पस्तीस मिनिटांवर आलंय. म्हणजे पावणेसातला निघायचं आणि दुपारी चारच्या सुमारास आमच्या साडेआठ महिन्यांच्या देवयानीसमोर हजर व्हायचं. संदेशने लगेच हो म्हटलं. तो कुठल्याच गोष्टीला वेळ लावत नाही, विचार करायलाही नाही.

सासूबाई मात्र म्हणाल्या, "जा की. मी कुठे अडवतेय? पण तू अंगावर पाजतेस. पुलावर वारा केवढा असतो! तुझ्या छातीला वारा लागला की तो दुधातून पोरीला लागणार. दुपारच्या उन्हाने दूध तापणार. आणि पावसात भिजलीस तर बोलायलाच नको. तिन्ही हवांना पुरेल असं काहीतरी अंगावर घाल, आणि मग कुठे जायचंय तिथे जा."

मी मायक्रोबायॉलॉजी शिकलेली आहे. सर्दी वाऱ्याने होत नाही, विषाणूने होते, हे मी त्यांना एकदा समजावून सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ते पुस्तकातलं झालं. हे दुधातलं आहे."

आता खरं सांगायचं तर मी स्वतःही काही शांत बाई नाही. पंखा देवयानीच्या डोक्यावर पडेल म्हणून मी पंख्याखालचा पलंग तीनदा सरकवलाय. आता तो दाराच्या वाटेत येतो आणि सगळे त्याला अडखळतात. पण माझी खरी काळजी वेगळी होती, आणि ती मी कुणाला बोलून दाखवली नव्हती. देवयानी माझ्याशिवाय कुणाच्याही हातून खायची नाही. दूध माझं, आणि नाचणीची पेज तीही माझ्याच हातून. संदेशने चमचा पुढे केला की ती दुकानाच्या शटरसारखं तोंड मिटायची. सासूबाईंनी महिनाभर वाटी-चमचा घेऊन काऊ-चिऊ केलं, त्यांच्या पदरावर पेजेचा नकाशा उमटला, पण आत एक थेंब गेला नाही. मग सोमवारी सात ते चार ही मुलगी काय करणार? त्यापेक्षा जॅकेटची काळजी करणं सोपं होतं. जॅकेटला निदान माप असतं.

निदान मला तसं वाटलेलं.

बाईला जॅकेट घ्यायचंय ही बातमी आमच्या सोसायटीत पाणी जाणार असल्याच्या बातमीइतक्याच वेगाने पसरते, हे मला माहीत नव्हतं. सगळ्यात आधी बोलले आमचे अण्णा, म्हणजे सासरे. ते खोपटच्या एसटी डेपोतून मेकॅनिक म्हणून रिटायर झाले. "आमच्या ड्रायव्हर लोकांनी जन्मात जॅकेट घातलं नाही," ते म्हणाले. "शर्टाच्या आत छातीवर पेपर ठेवायचा, वर स्वेटर. रविवारचा पेपर असेल तर नाशिकपर्यंत वारा लागायचा नाही."

"आणि पाऊस आला तर?"

"पाऊस ड्रायव्हरला कुठे लागतो? पुढे काच असते."

त्यानंतर सोसायटीचे सेक्रेटरी भगवानकाका वर आले. त्यांचं मत, रेनकोट एक साइज मोठा घ्यावा आणि आत जे हवं ते घालावं. हे सांगून झाल्यावर त्यांनी मूळ मुद्दा काढला. पार्किंगचं स्टिकर संदेशच्या नावावर होतं. गाडी दुसरी व्यक्ती चालवणार असेल तर चालकबदलाचा अर्ज लागेल, खाली दोन सभासदांच्या सह्या.

"काका, आम्ही नवरा-बायको आहोत."

"ते मला माहितीय गं. रजिस्टरला माहीत नाही."

मी अर्ज लिहिला. त्यावर काकांनी स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली: चालकाने हेल्मेट व जॅकेट घालून जिना चढू नये, सीसीटीव्हीत ओळख पटत नाही. अजून विकतही न घेतलेल्या जॅकेटवर बंदी घालणारी आमची बहुधा पहिलीच सोसायटी असावी.

जाणकार म्हणावा असा एकच माणूस बिल्डिंगमध्ये होता. तिसऱ्या मजल्यावरचा राजरत्न. तो बँकेत आहे, पण दर जूनमध्ये लडाखला जाऊन येतो आणि उरलेले अकरा महिने त्याबद्दल बोलतो. "वहिनी, थ्री लेयर घ्या," तो म्हणाला. "बाहेरचं जाळीचं, म्हणजे उन्हात हवा खेळते. आत एक थंडीचं अस्तर, एक पावसाचं. हवा बदलली की थर काढायचा, थर घालायचा. खांद्याला, कोपराला, पाठीला पॅड. पडलात तरी काही होत नाही." पडलात हा शब्द त्याने ज्या आनंदाने उच्चारला, तो मला आवडला नाही. पण बाकीचं पटलं. आमच्याकडे ऑक्टोबर संपताना सकाळी गारठा असतो, दुपारी भाजतं आणि संध्याकाळी आभाळ भरून येतं. तीन हवा, तीन थर. हिशेब जुळत होता.

मी ऑनलाइन मागवलं. सात दिवसांत परत करायची सोय होती, त्यामुळे धीर होता. मोठा खोका आला तेव्हा मी देवयानीला आंघोळ घालत होते. बाहेर येऊन बघते तर सासूबाईंनी खोका उघडून जॅकेट देवापुढे पाटावर ठेवलेलं, आणि त्याच्या कॉलरला आतून हळदीचं एक आणि कुंकवाचं एक अशी दोन छान ठसठशीत बोटं लावलेली. नवं कापड हळद-कुंकू लावल्याशिवाय अंगाला लावायचं नाही, हा आमच्या घरचा नियम. माझ्या लग्नातल्या साड्यांपासून देवयानीच्या झबल्यांपर्यंत सगळ्यांना ती बोटं आहेत. संदेशच्या लॅपटॉपच्या बॅगेलाही आहेत.

जॅकेट घालून बघितलं. मी त्यात एकटी नव्हते, असं कुणालाही वाटलं असतं. बाह्या बोटांच्या पुढे चार बोटं. साइज चुकलेला.

परत न्यायला आलेल्या माणसाने जॅकेट उलटं केलं, सुलटं केलं, आणि कॉलरपाशी थांबला. "मॅडम, डाग आहे."

"डाग नाही हो. कुंकू आहे."

"सिस्टीममध्ये डाग, फाटलेलं आणि वापरलेलं एवढंच आहे. कुंकू ऑप्शन नाही."

"वापरलेलं नाही. पूजलेलं आहे," सासूबाई मागून म्हणाल्या.

त्याने मोबाइलवर त्यातल्या त्यात सौम्य असं 'वापरलेलं' दाबलं आणि निघून गेला. मी कस्टमर केअरशी चॅट केलं. समोरून आलं, आम्ही आपल्या भावना समजतो, कृपया डागाचा फोटो पाठवा. मी फोटो पाठवला. डाग खूपच स्पष्ट आल्याबद्दल माझे आभार मानून त्यांनी विनंती नामंजूर केली.

ते जॅकेट शेवटी संदेशला बरोबर बसलं. तेव्हापासून तो ते एसी बसमध्ये घालतो. पाठीला पॅड असल्यामुळे ऐरोलीपर्यंत झोप छान लागते म्हणतो. अपघातापासून संपूर्ण सुरक्षित असा आमच्या घरातला तो एकमेव माणूस आहे, आणि तो बसच्या मधल्या सीटवर बसतो.

सोमवार आठवड्यावर आला. आता दुकानात जाऊन, घालून बघून, डोळ्यांदेखत घ्यायचं ठरलं. राजरत्नने ठाण्यातलं दुकान सांगितलं. मी एकटी जाऊन तासात परत आले असते, पण देवयानीची दुधाची वेळ मध्ये येत होती, म्हणून देवयानी आली. देवयानी आली म्हणून सासूबाई आल्या. सगळ्यांना सांभाळायला म्हणून अण्णा आले. एका जॅकेटसाठी आम्ही कॅब करून निघालो. देवयानीने घोडबंदर रोडच्या सिग्नलला रडून दूध मागितलं आणि मी तिला तिथेच, ओढणीआड, पोटभर पाजलं. हे मी मुद्दाम सांगतेय. पुढे जे झालं त्याचं मूळ या सिग्नलला आहे.

दुकानदाराने लेडीज साइज काढून दिला. घातला तर असा बसला, जणू माझं माप घेऊनच शिवलाय. तिन्ही थर घालून चेन गळ्यापर्यंत सरसर गेली. मी आरशात बघितलं. आरशातली बाई कुणालाही घाबरणारी वाटत नव्हती.

"वॉटरप्रूफ आहे ना?" सासूबाईंनी विचारलं.

"शंभर टक्के, मावशी."

सासूबाईंनी पिशवीतून देवयानीची पाण्याची बाटली काढली आणि, मी जॅकेटच्या आत असतानाच, माझ्या खांद्यावर ओतली. दुकानदार ओरडला, "अहो मावशी, बिल व्हायचंय अजून!" पाणी घरंगळून त्याच्या फरशीवर गेलं. मी कोरडी होते. अण्णांनी वाकून पॅड ठोकून बघितले, एसटीचं टायर बघावं तसे. पास झाले.

"बदलून मिळेल ना?" मी दुकानदाराला हळूच विचारलं. "आठ दिवसांत?"

"मिळेल की. फक्त न वापरलेलं पाहिजे, एकही डाग नको."

मी वळले. सासूबाईंच्या हातात त्यांची प्रवासातली छोटी कुंकवाची डबी होती आणि ती उघडलेली होती. काउंटरवर काढून ठेवलेल्या जॅकेटवर, बिलाच्या आधी, दोन बोटं उमटलेली होती. ह्या वेळी छातीवरच्या चमकणाऱ्या पट्टीवर. "रात्री गाडीवाल्यांनाही दिसेल," त्या समाधानाने म्हणाल्या. दुकानदाराने एकदा डबीकडे बघितलं. त्याने बिल केलं.

रविवारी ट्रायल घ्यायची, हे अण्णांचं डोकं. डेपोत नवी गाडी मार्गावर सोडण्याआधी रिकामी फिरवून आणतात म्हणे. नऊला देवयानीला पाजून मी साडेदहाला खाली उतरले. मला नुसतं जाळीचं घालायचं होतं, कारण ऊन तापलेलं. पण जिन्यातच सासूबाईंनी अस्तरं तपासली. "दोन थर घरी ठेवलेस? मग घेतले कशाला?" तिन्ही थर चढवून, चेन गळ्यापर्यंत ओढून, मी भगवानकाकांच्या रजिस्टरमध्ये जाण्याची वेळ लिहिली आणि निघाले.

जाताना सगळं ठीक होतं. पुलावर वारा होता, खाली खाडी होती, आणि एक पूर्ण मिनिट मी कुणाचीही आई, सून किंवा अर्जदार नव्हते. मग येताना माणकोलीला गोदामांच्या ट्रकांमध्ये अडकले. आडवा झालेला एक कंटेनर सरळ होईपर्यंत पाऊण तास गेला. ऊन डोक्यावर. तीन थरांच्या आत मी हळूहळू शिजत होते. जॅकेट खरंच शंभर टक्के वॉटरप्रूफ होतं. आतलं पाणी बाहेर जाऊच देत नव्हतं. आणि बारा वाजले.

बारा ही देवयानीची वेळ. ती माझ्या शरीरालाही पाठ असते. ट्रायल रूममध्ये पोट भरलेल्या मुलीची आई उभी होती. आता ट्रकांमध्ये उपाशी मुलीची आई अडकली होती. दोघींच्या मापांत फरक असतो. राजरत्नने हवा बदलली की थर काढायला सांगितलेलं. आई बदलली की काय करायचं ते त्याने सांगितलं नव्हतं. जॅकेट छातीवर असं आवळलं की मला श्वास मोजून घ्यावा लागत होता.

पाऊण वाजता गेटमध्ये शिरले तेव्हा देवयानीचं रडणं खालपर्यंत ऐकू येत होतं. मी हेल्मेट-जॅकेटसकट दोन मजले धावत चढले, म्हणजे अर्जातली अट मोडली. माझा तो अवतार बघून ती आणखी जोरात रडली. हेल्मेट फेकलं, चेन ओढली. चेन चार बोटं खाली आली आणि पावसाच्या अस्तराचं कापड तिने दातांत धरलं. वर जाईना, खाली येईना.

"थांब, मी बघतो," संदेश म्हणाला, आणि मोबाइलवर अडकलेली चेन कशी काढावी याचा व्हिडिओ शोधू लागला. आधी जाहिरात लागली, ती त्याने पूर्ण बघितली.

अण्णा म्हणाले, "ग्रीस लावू?"

आवाज ऐकून भगवानकाका आले. सोसायटीची पकड आणायला ते खाली गेले, आणि पकड दिल्याची नोंद करून मगच वर आले. राजरत्नही उतरला. "वहिनी, श्वास पूर्ण सोडा. पोट आत घ्या."

"पोटाचं नाहीये ते," मी म्हणाले.

"मग कशाचं आहे?" भगवानकाकांनी पकड सरसावत विचारलं.

चार पुरुष माझ्या उत्तराची वाट बघत होते. मी बीएस्सी आहे. शरीरशास्त्र मला येतं. मी चेन आणखी एकदा ओढून बघितली.

"डोक्यावरून काढू या," राजरत्नने सुचवलं. दोन्ही हात वर करून त्यांनी जॅकेट खालून ओढलं. ते छातीपर्यंत आलं आणि तिथे थांबलं. आता मी अशी उभी होते: हात छताकडे, तोंड कॉलरमध्ये, आणि पलीकडे माझी मुलगी माझ्यासाठी रडतेय आणि मी तिच्यापासून तीन थर लांब. सोमवार विसरा, मला वाटलं. मी आजच पुरी पडत नाहीये.

आणि रडणं थांबलं.

बाळाचं रडणं असं अचानक थांबलं की माझ्या डोक्यात आधी वाईटच येतं. मी कॉलरमधून एक डोळा बाहेर काढला. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी सासूबाई बसलेल्या. मांडीवर देवयानी. एका हातात पेजेची वाटी, दुसऱ्यात चमचा. देवयानी हुंदके देत माझ्याकडे, म्हणजे छताकडे हात केलेल्या त्या काळ्या प्राण्याकडे, डोळे फाडून बघत होती, आणि बघता बघता तिचं तोंड उघडं राहिलेलं. सासूबाईंनी त्यात चमचा घातला. तिने गिळला. दुसरा. तोही.

"कुणी हलू नका," सासूबाई मागे न बघता हळू आवाजात म्हणाल्या.

कुणी हललं नाही. भगवानकाका पकड उगारून, संदेश मोबाइल धरून, राजरत्न माझ्या बाहीला लटकून, आणि मी हात वर करून. तिसरा चमचा. चौथा. मी मोजत होते, तेवढंच मला करता येत होतं. एकविसाव्या चमच्याला वाटी रिकामी झाली आणि देवयानीने ढेकर दिली.

मग सासूबाई उठल्या, तिला अण्णांकडे दिलं आणि आमच्याकडे वळल्या. "चला, बाहेर व्हा सगळे! बाईच्या छातीशी पकडी घेऊन काय उभे राहिलात? दूध भरलंय तिचं. एवढं कळू नये?"

पुरुष ज्या वेगाने बाहेर पडले, त्या वेगाने आमच्या सोसायटीत आजवर काहीही झालेलं नाही. सासूबाईंनी दोन बोटं आत घालून अस्तर मागे ओढलं, चेन एक दात वर नेली, दोन दात खाली आणली, आणि जॅकेट उघडलं. त्यांनी माझा भिजलेला कुर्ता बघितला. "हे कुठलं वॉटरप्रूफ!" त्या म्हणाल्या. मी समजावून सांगायच्या भानगडीत पडले नाही.

मी कपडे बदलून देवयानीला घेतलं. तिने मला हुंगलं, ओळखलं, आणि पोट भरलेलं असल्यामुळे पलीकडे तोंड फिरवून आजीकडे हात केला. महिनाभर मी जे व्हावं म्हणून देवाला सांगत होते ते झालं होतं. मला ते अजिबात आवडलं नाही.

"सकाळी हिची पेज कितीला देऊ?" सासूबाईंनी विचारलं.

"दहाला. मग एकला."

"बरं. आणि ते आतलं गोधडीसारखं काढून ठेव. नुसतं वरचं घालून जा."

"आणि वारा, आई?"

"लागू दे लागला तर. दिवसा पेज खाणारे आता ती." हे त्या ज्या शास्त्रात बसवत होत्या त्यात ते बरोबर बसत होतं.

सोमवारी मी साडेसातला पाच मिनिटं असताना लॅबमध्ये पोचले. करिश्माने टेबल रिकामं करून दिलं आणि तीन लेबलं अदलाबदल झाल्याचं स्वतःच सांगितलं. सव्वादहाला मी घरी फोन केला. "खाल्लं," सासूबाई म्हणाल्या. सव्वाएकला केला. "खाल्लं. आणि तू सारखा फोन करू नकोस, रिंग वाजली की ती चमचा सोडते."

साडेतीनला निघाले. पुलावर हवा अगदी मधली होती. गारठा नाही, ऊन उतरलेलं, आभाळात एक ढग नाही. घरी कुणी रडत नव्हतं, कुणी खोळंबलं नव्हतं, घाईचं काहीही कारण नव्हतं. तरी मी पुढचे दोन टेम्पो मागे टाकले.